येतो म्हणून गेलेली माणसं

चंद्रपूरच्या शिशुगृहाच्या फाटकाशी गाडी उभी होती आणि पुनी मागच्या सीटवर शहाण्यासारखी बसली होती. आम्ही दत्तक घेतलेली अडीच वर्षांची पोर. पायात आम्ही आणलेले लाल बूट, हातात शांतामावशीनं दिलेला मुरमुऱ्याचा लाडू. या मावशीनंच तिला तिथं अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिनं खिडकीतून पोरीच्या गालावरून हात फिरवला, "येतो हं पुने," म्हणाली आणि मागे न बघता आत निघून गेली. पोर रडली नाही. नागपूरपर्यंत नाही, विमानात नाही, जर्मनीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत नाही. नवरा म्हणाला, किती लवकर रुळली! संस्थेच्या बाईंनी फोनवर "एकदम ॲडजस्ट झाली" म्हणून आमचं अभिनंदनही केलं. रुळली, डोंबल!

दुसऱ्याच दिवशी ती दाराशी जाऊन बसली. बूट घालून. जेवण तिथंच, झोप तिथंच. जिन्यात पाऊल वाजलं की उठायची, शेजारची म्हातारी दिसली की पुन्हा बसायची. नवरा पुण्याचा. "बाळा, तुला काय हवंय?" असं तो गोड आवाजात विचारायचा आणि ती त्याच्याकडे असं बघायची, जणू तो जर्मनच बोलतोय.

मी तर चंद्रपूरची. पण "काय पायजे वो तुले?" एवढं विचारायला मला आठवडा लागला. पुण्याच्या होस्टेलात मी "मी येतो" म्हटलं की मुली खो खो हसायच्या. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, पण त्यांचं एकच, बाई असून येतो काय? तेव्हापासून मी येते, जाते, करते झाले आणि ती बोली गिळून टाकली. आता ती बाहेर काढली तर पुनीचा चेहरा केवढा उजळला! उठली, माझं बोट धरलं आणि दाराकडे ओढायला लागली. "चाल. मावशीकडे चाल." माझ्या तोंडून मावशीची भाषा आली म्हणजे मी तिला मावशीकडेच नेणार, दुसरं काय? त्या दिवशी मला माझ्या मायबोलीचाच राग आला.

रजा संपली. नवरा तिच्याजवळ घरी थांबणार होता. मी कोट चढवला आणि सवयीनं म्हटलं, "येते हं पुने." तिनं बूट काढून माझ्या अंगावर फेकला. "येतो नाई! येतो नाई!" म्हणत अशी किंचाळली की शेजारची म्हातारी धावत आली. हुंदके ओसरल्यावर एवढंच बोलली, "मावशी येतो म्हनली. नाई आली."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. रोज संध्याकाळी घरी जाताना मावशी "येतो" म्हणायची आणि सकाळी हजर व्हायची. त्या भरवशावरच पोरगी गाडीत गप्प बसली होती. आणि आम्ही तिच्या शहाणपणाचं कौतुक करत सुटलो होतो. मावशीचा तरी काय दोष? आपल्यात निघताना "जातो" म्हणतच नाहीत, अभद्र असतं ते. मी घर सोडलं तेव्हा चंद्रपूरच्या स्टँडवर मायनं मलाही दटावलं होतं, "जातो नोको म्हनू वो, येतो म्हन." म्हटलं मी. तिला बरं वाटलं, मलाही बरं वाटलं आणि बस सुटली.

संस्थेला म्हटलं, मावशीशी व्हिडिओवर दोन शब्द बोलू द्या. उत्तर आलं, "नको, जुनं विसरू द्या तिला." विसरायला तो काय पाढा आहे? मी फोनवर नको नको ते बोलले. उपयोग शून्य.

मग पुनी किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत जायला लागली. तिथल्या बाईंचा एकच हेका, लपून निघायचं नाही, मुलाला तोंडावर सांगून निघायचं. मी पुनीसमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "पुने, मी जातो. तू झोपून उठली का मी इथी राहीन." जीभ अडखळली माझी. ती रडली, भरपूर रडली. उठली तेव्हा मी दारात होते. पुन्हा जातो, पुन्हा दारात. ती मला अजून आई म्हणत नाही. पण दाराशी बसणं तिनं सोडलंय.

एकदा कामावर निघताना पुनीला म्हटलेलं हे "जातो" मायला व्हिडिओवर ऐकू आलं तर केवढी भडकली! "अवो, लेकराच्या तोंडावर असं बोलते का कोनी?" मी सगळं समजावून सांगितलं. ती आपल्या एकटीच्या घरात, भिंतीला टेकून ऐकत राहिली. नंतर मान हलवून नुसतं "हव" म्हणाली.

परवा बोलून झाल्यावर मी नेहमीसारखं म्हटलं, "बरं माय, दिवाळीत येतो." असं मी दर वर्षी म्हणते. माय हसलीसुद्धा नाही. "त्या पोरीले खरं सांगतं," म्हणाली, "मंग मले काऊन नाई?"

पुनी माझ्या मांडीवर होती. फोनवर दिसणाऱ्या, मायच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा मला ओळखीचं उरलेलं नव्हतं. ज्या माणसाला तोंडावर खरं "जातो" म्हणता येतं, तेच आपलं घर, एवढं मला पोरीनं शिकवलं होतं.

"जातो, माय," मी म्हटलं.

"जाय," माय म्हणाली. फोन मात्र तिनं ठेवला नाही.