ब्रायडीची खिडकी

माझी भावजय ब्रायडी. भांडल्याशिवाय जेवली तर तिला अन्न पचत नसे. सेंट जॉन्स बंदराच्या धक्क्यावर मासे चिरण्यात तिचा जन्म गेला. माझा भाऊ समुद्रात बुडाला, तेव्हापासून लेकाला, सिरिलला, तिने एकटीने वाढवलं. म्हातारपणी एकच चैन उरली होती: खिडकीत बसून, डब्यातलं दूध घातलेला चहा पीत बंदराच्या तोंडाकडे बघायचं. सिरिलची बोट आत येताना तिथून दिसे.

त्याच खिडकीसमोर 'तमारा' येऊन बसली. श्रीमंतांना बर्फातली अस्वलं दाखवत फिरवायचं हे जहाज. मालकाचं दिवाळं निघालं, खलाशी हात हलवत घरी गेले, आणि जहाज बेवारशी गंजत राहिलं. बांधलेल्या दोरांवरून उंदीर उतरले ते थेट ब्रायडीच्या पिठात.

"ती अवदसा हलवा आधी!" बंदराच्या कचेरीत जाऊन ती रोज ओरडे.

एका भंगारवाल्याने जहाज घेतलं, पण थंडी सरल्यावर नेतो म्हणाला. ब्रायडीने गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि कचेरीसमोर भांडी बडवली.

मी म्हटलं, "अगं, भर जानेवारीत जहाज ओढून नेतात का कुणी? जरा दम धर."

"तुझ्या पिठात लेंड्या पडल्यात का? नाही ना? मग तोंड मिट."

कचेरीवाले कंटाळले. जानेवारीतच जहाज निघालं आणि वादळात ओढणाऱ्या बोटीचा दोर तुटला. बिनदिव्याचं ते धूड समुद्रातल्या तेलविहिरींकडे वाहू लागलं. अडवायला पाठवली ती विहिरींना सामान पोचवणारी सिरिलचीच बोट.

तो येईपर्यंत ब्रायडी कुणाशी भांडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

सिरिल परतला. जहाजाला दोर लावताना उजव्या हाताची चार बोटं तुटली होती. विहिरी वाचल्या. मग वरून हुकूम आला, आपल्या हद्दीबाहेर गेलंय, सोडून द्या. सोडलं. आता ते कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही.

मी वाटाण्याचं सूप घेऊन गेले, तर भर दुपारी खिडकीवर पडदा. सिरिल डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होता.

"आई, पडदा उघड ना," तो म्हणाला. "एवढं भांडून मोकळी करून घेतलीस खिडकी. बस की बघत."

ब्रायडी खिडकीकडे पाठ करून सूप वाढत राहिली. मी खिडकीला लागूनच बसले होते, हात लांबवला असता तर पडदा सरकला असता. मी हात लांबवला नाही. पडदा तिनेच सरकवायचा होता.