आक्काच्या मानेवरची गाठ

आक्काचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. पुण्यातल्या एका संस्थेत मी लिंफोमावर, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरवर काम करते. आक्का माझी थोरली बहीण. जिंतूर तालुक्यात बोरीला अंगणवाडी सेविका होती.

"मानेला गाठ आलीय गं. डॉक्टरनं हातानं चाचपलं अन् टीबीची हाय म्हणले. गोळ्या सुरू केल्यात. तुला काय वाटतंय?"

मोबाइल मी खांद्यानं कानाशी दाबून धरला होता, हात कामात होते. "आपल्याकडं गाठ म्हणजे बहुतेक टीबीच असती, आक्का. कोर्स पूर्ण कर. मधी सोडू नको."

एवढंच बोलले. दिवसभर मी लोकांच्या गाठींतून आरएनए वेगळा काढत होते, पण गाठीचा तुकडा तपासला का, हे सख्ख्या बहिणीला विचारायचं मला सुचलं नाही.

चार महिने ती गोळ्या खात राहिली. संध्याकाळचा ताप यायचा, घामानं पोलकं भिजायचं. टीबीतही हेच होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. अंगणवाडीतल्या काट्यावर उभी राहून ती मला वजन कळवायची. दर वेळी कमी. "गोळ्यांनी भूक मेली असंल," मी म्हणायचे.

संक्रांतीला गावी गेले. तिनं पदर बाजूला करून मान दाखवली. एक नव्हे, तीन गाठी होत्या. रबरासारख्या, न दुखणाऱ्या. काखेत हात घातला, तिथंही होत्या.

"काय झालं? हात का काढलास?" तिनं विचारलं.

दुसऱ्याच दिवशी भावजींना घेऊन आम्ही तिला संभाजीनगरला नेलं. तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: वेगानं वाढणारा लिंफोमा. खाली लिहिलं होतं की दोन जनुकांची प्रथिनं प्रमाणाबाहेर बनतायत. त्यातलं एक पेशीला वाढायला लावतं, दुसरं तिला मरू देत नाही. दोन्ही एकत्र म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. भावजी कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होते.

पहिली केमो झाल्यावर वॉर्डात आम्ही दोघीच होतो. भावजी औषधं आणायला गेले होते.

"तू हेच शिकलीस ना? मंग मला नीट सांग, माझ्यात काय बिघडलंय."

"जनुकाचा निरोप आरएनएवर उतरतो, अन् त्या निरोपावरून प्रथिन बनतं. पण काही बारके आरएनए असतात, त्यांच्यापासून प्रथिन बनत न्हाई. ते दुसऱ्या निरोपांना जाऊन धरतात, गप करतात. 'वाढ, वाढ' म्हणणाऱ्या निरोपाला आवर घालायचं काम त्यांचं. या आजारात ते बऱ्याचदा कमी पडतात."

"माझ्यात कमी पडले?"

"तुझ्यात बघितलं न्हाई. अन् कमी असले तरी ते भरून काढायचं औषध अजून न्हाई."

"मंग इतकी वर्षं काय करायलीस तू?"

टोमणा नव्हता तो, ती खरंच विचारत होती. "समजून घ्यायलेय," मी म्हणाले. मग तेही बोलून टाकलं, "आक्का, त्या दिवशी फोनवर तुकडा तपासायला सांगायला पाहिजे होतं मी. चार महिने माझ्यामुळं गेले."

तिनं उशीवरून मान माझ्याकडं वळवली.

"ठाऊक हाय मला. संक्रांतीलाच कळलं, तुझं तोंड बघून." मग म्हणाली, "राग आलाय मला. न्हाई आला असं म्हणणार न्हाई. पण उद्या पेज करून आण. इथलं गिळवत न्हाई."

तिसऱ्या केमोनंतर गाठी विरघळल्या. सहा केमो पूर्ण झाल्या. डोक्याला रुमाल बांधून ती दीड-दोन महिने अंगणवाडीत गेली, अन् आम्ही सगळे सुटल्यासारखे वागायला लागलो. सोयाबीन काढायच्या दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं. गाठी आता आत होत्या. दुसरं औषध लागू पडलं नाही. दिवाळीनंतर एका दुपारी, भावजी चमच्यानं पाणी पाजत असताना ती गेली. पाणी ओठांवरून खाली आलं, तेव्हा त्यांना कळलं.

दहाव्यानंतर आसपासच्या गावांतल्या सेविका बसायला आल्या. त्यातली एक मला म्हणाली, "बाईंना टीबी होता न्हवं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर तुकडा तपासा म्हणून हट्ट धरायचा, कुणी काहीही म्हणो. मग माझ्या फोनचंही सांगितलं, एकही शब्द न गाळता.

दाराशी बसलेले भावजी उठले अन् बाहेर निघून गेले. फोनचं आक्कानं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.