कडू बिअर, आधी कुंदा

बेळगावात आमच्या बिअरच्या ठिकाणी पाच नळ आहेत. त्यातल्या तीन नळांतून आता कडू बिअर येते. शनिवारी संध्याकाळी तरुण मंडळी माझ्यासमोर उभी राहून, कुठली जास्त कडू, कुठलीला संत्र्याचा वास, यावर असा वाद घालतात की जणू जन्मल्यापासून हेच पीत आलीत. बिअर बनवणारी मी. गप्प ऐकते आणि मनातल्या मनात हसते. कारण याच गावाने माझी पहिली कडू बिअर तोंड वाकडं करून परत पाठवली होती, आणि तेव्हा माझं इथे राहणं न राहणं त्या एका टाकीवर अवलंबून होतं.

मी बोरगावची. घरी तंबाखूची शेती. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि बंगळूरला बिअर बनवायला लागले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अडवलं नाही, पण ‘बिअर’ हा शब्दही कधी उच्चारला नाही. ‘तुझं ते काम’ एवढंच म्हणायचे.

बंगळूरला तेव्हा सगळ्यांना गव्हाची बिअर हवी असायची. गोडसर, पिकल्या केळ्याच्या वासाची. कडू बिअर, म्हणजे आयपीए, ‘इंडिया पेल एल’, अगदी शेवटच्या नळाला. तिच्या नावातच इंडिया. सांगतात असं, की विलायतेहून जहाज इकडे यायला महिने लागायचे, वाटेत बिअर नासायची, म्हणून तीत हॉप्स सढळ हाताने घालत. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. कडवटपणा त्यांचा, वास त्यांचा, आणि टिकाऊपणाही त्यांच्यामुळेच. बेळगावच्या कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांनीही ती प्यायली असेल. आपल्याला कोणी विचारलं नाही, तो भाग वेगळा.

पुढे ही बिअर मागे पडली आणि अमेरिकेतल्या लहान बिअरवाल्यांनी तिला परत उचललं. मोठ्या कंपन्यांची बिअर सगळी एकाच चवीची, फिकी. आपण वेगळे आहोत हे पहिल्याच घोटात सांगायचं, तर कडवटपणासारखा सोपा मार्ग नाही. त्यात त्यांच्याकडच्या हॉप्सना संत्र्याचा, आंब्याचा वास. शिवाय एक आतली गोष्ट सांगते. लागर, म्हणजे ती नेहमीची फिकी बिअर, तयार होईपर्यंत कितीतरी दिवस टाकी अडवून बसते, ही लवकर उरकते, आणि आमच्या बारीकसारीक चुका हॉप्सच्या वासाखाली झाकून जातात. मग कोणाची जास्त कडू अशी चढाओढ लागली. ती अति झाल्यावर गढूळ, फळांच्या रसासारखी मऊ आयपीए निघाली, आणि कडूला नाक मुरडणारेही वळले. बंगळूरला माझ्या डोळ्यांदेखत शेवटचा नळ मधोमध आला, एकाचे तीन झाले.

तेवढ्यात आई गेली. आप्पा बोरगावात एकटे पडले. बेळगावला नवं ठिकाण सुरू होतंय कळताच मी धावत आले. इथून सकाळी निघालं की दुपारी आप्पांबरोबर जेवायला बसता येतं, मला एवढंच हवं होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांना गव्हाची आणि लागर पुरेशी होती. मी कडूचा हट्ट धरला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, “एक टाकी घाल. संपली तर ऱ्हा. न्हाय संपली तर साध्या बिअरीला मला साधा माणूस चालतोय. तू आपली बंगळूरला जा.”

हॉप्स वाळवून, दाबून केलेल्या गोळ्या येतात. मूठभर घेऊन बोरगावला गेले. आप्पांनी तंबाखू मळावी तशी एक गोळी तळहातावर अंगठ्याने मळली, नाकाशी नेली. “वास झ्याक हाय,” म्हणाले. “पर ही कोण पिणार गं?”

कोणीच नाही! बेळगावातल्याच शहापुरातले एक साड्यांचे दुकानदार आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी पहिल्याच घोटाला डोळे मिटले. “काय गं ही? काढा उकळलाईस व्हय?” कोणी साखर मागितली, कोणी लिंबू पिळलं, एकाने तर तीत गव्हाची बिअर ओतली. माझं डोकं फिरलं. “मीठ पण टाका, म्हणजे ताक होईल,” मी म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने आत गेले. टाकी अजून अर्धी भरलेली, आणि हॉप्सचा वास तर दिवसागणिक उतरत जातो. माझा जीव टांगणीला लागला होता.

एका रविवारी दुपारी काका कुंद्याचा बॉक्स घेऊन आले. नात झाली होती. खवा तांबूस होईपर्यंत आटवलेला, दाणेदार, गोडमिट्ट कुंदा ते टेबलाटेबलावर वाटत सुटले. स्वतःच्याही तोंडात एक मोठा घास. त्या दिवसांत लोकांना चव तरी कळावी म्हणून अण्णा माझी बिअर छोट्या ग्लासातून फुकट चाखायला देत होते. काकांनी हाताला लागला तो ग्लास उचलला. आता ते थुंकणार, म्हणून मी फडकं घेऊन तयार. पण ते थांबले. आणखी कुंदा खाल्ला, आणखी घोट घेतला.

“अगं ए, हिकडं ये. ही तीच काय?”

“तीच, काका.”

“मग आज लई कडू का लागंना?”

गोडाने तोंड चिकटलं होतं, ते कडूने मोकळं केलं, आणि कडूची नांगी गोडाने मोडली. मी समजावत बसले असते, पण काकांना ऐकायला वेळ कुठला! ते उठून ओरडू लागले, “आधी कुंदा, मग घोट! न्हाय जमलं तर मला सांगा!” बॉक्स संपला, तेव्हा खडेबाजारातून दुसरा मागवला. पुढच्या आठवड्यात लोक स्वतःच कुंदा घेऊन यायला लागले. आणि नंतर कधीतरी, माझ्या लक्षातही आलं नाही, कुंदा मागे पडला आणि कडू राहिली. जिभेला एकदा सवय लागली की ती आणखी मागते. बंगळूरलाही हेच झालं होतं.

टाकी रिकामी झाली त्या सकाळी अण्णांनी तिच्यावर टकटक करून पाहिलं. “धुवून घे,” एवढंच म्हणाले आणि गेले. मी तिथूनच आप्पांना फोन लावला.

“आप्पा, संपली.”

“म्हंजे ऱ्हातीस?”

“राहते.”

आप्पा खाकरले. मग आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून आला. “मग बसलीस कशाला? दुसरी बिअर घाल की.”

पायात गमबूट, हातात पाण्याची रबरी नळी, आणि मी त्या रिकाम्या टाकीपाशी ढसाढसा रडले. मग टाकी धुवायला घेतली.