हिराबाईंच्या बांधावरून सिग्नल

पुण्याहून पहिल्या एस.टी.नं निघाले. पिशवीत चित्रपट घ्यायचा छोटा कॅमेरा, छत्री आणि फिल्मचं एकच रीळ; काखेत कॅमेऱ्याची तिवई. दारात दिरांनी विचारलं, "वहिनी, इतक्या लांब सिग्नल बघायला? पुण्यातले संपले वाटतं?"

पुण्यातले संपले नव्हते, हा संपणार होता. आपटा गावाकडे जाणारे रूळ नवे, पण पनवेलबाहेरच्या एका फाटकाजवळ दुसऱ्या मार्गावरून काढून आणलेला जुना हाताचा सिग्नल उभा होता. तो आठवड्याभरात उतरवणार, असं ओळखीच्या एका गार्डनं कळवलं होतं. लोखंडी हात खाली पडतो आणि मग गाडी येते, एवढंच मला टिपायचं होतं. विलायती फिल्म हल्ली मिळत नाही. चुकलं तर पुन्हा संधी नव्हती.

पनवेलला उतरून चहा घेतला आणि टांगा केला. भातं कापून झालेली, खाडीकडून खारट वारा. फाटकावरचा गेटमन भला माणूस. त्यानं रुळाकडेची तार दाखवली. "बाई, आधी ही थरथरते, मग हात पडतो. पण मी फाटक लावून कुलूप घातल्याशिवाय हात हलत नाही."

मी तिवईचे पाय उघडले, तेवढ्यात सोलाटोपी घातलेले रेल्वेचे एक साहेब रुळावरच्या ट्रॉलीवरून उतरले.

"चित्रं घ्यायला मनाई आहे. फिल्म काढून द्या."

"कुठला नियम? लिहून द्या, खाली सही करा."

त्यांनी सही केली नाही. ते गेटमनकडे वळले. "ही बाई रेल्वेच्या हद्दीत दिसली तर उद्यापासून तू घरी."

गेटमनचं तोंड उतरलं. माझ्या छंदापायी त्याची नोकरी जावी, हे मला मान्य नव्हतं. मी तिवई मिटली.

पलीकडच्या शेतात पेंढा रचणारी एक बाई हे ऐकत होती. नाव हिराबाई. तिनं हाक मारली, "बाय, हतं ये. ह्यो दगड दिसतो ना? रूल टाकाया जमीन घेतली, तवा मोजनीला मी सोता उभी व्हती. दगडाच्या पल्याड त्यांची, अल्याड माजी."

मी दगडाच्या अलीकडे बांधावर तिवई रोवली. साहेब पलीकडे बरोब्बर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी डावीकडे सरकले, तेही सरकले.

"ओ सायेब," हिराबाई म्हणाली, "कापनी झाली आमची. आता बुजगावनं नको!"

गेटमननं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"उडवीवर चढ," हिराबाई मला म्हणाली. उडवी (पेंढ्याची रचलेली रास) पुरुषभर उंच होती. पदर खोचला, तिवई तिथंच टाकली आणि चढले. एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तसाच राहू दिला. गेटमननं फाटक लावलं. मी कॅमेऱ्याची किल्ली पूर्ण पिळली. ती अर्धा मिनिट चालते, त्यामुळे उगाच बटण दाबायची सोय नव्हती.

हिराबाई तारेवर नजर लावून उभी. "हालली गो, हालली!"

मी बटण दाबलं. हात खणकन पडला. पुन्हा किल्ली दिली. थोड्या वेळानं वाफेचं इंजिन वळणावरून आलं, धूर आमच्या अंगावर सोडून गेलं. साहेब टोपी धरून उभे होते.

खाली उतरले तेव्हा हिराबाईनं तांदळाची भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) पुढे केला. साहेबांनाही तिनं विचारलं. ते ट्रॉलीकडे निघून गेले.

संध्याकाळच्या एस.टी.नं परतले. फिल्म धुऊन यायला महिना लागला. घरी भिंतीवर चादर लावून दाखवली. हात पडताना स्वच्छ दिसतो, पण चौकटीच्या तळाशी साहेबांची टोपी आहे, मधूनच उड्या मारणारी.

"वहिनी, एवढा तुकडा कापा," दिरांनी सुचवलं.

कापला तर पडणारा हातही जातो. पण तसं नसतं, तरी मी कापला नसता. त्या दिवशी तिथं मनाई उभी होती आणि तिच्या डोक्यावरून मी हे टिपलं. बघणाऱ्यांना दोन्ही दिसू द्या.