दोमनाबाईंच्या बॉयलरची किल्ली

दोमनाबाईंच्या कमरेला बॉयलरची किल्ली लटकत होती, तोवर आमच्या इमारतीत त्यांच्या शब्दापुढे जायची कुणाची टाप नव्हती. ग्रीसच्या उत्तर टोकाला, आमच्या फ्लोरिनात, थंडी ऑक्टोबरात मुक्कामाला येते ती एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाही. अशा गावात तळघरातला बॉयलर कधी पेटवायचा आणि कधी विझवायचा हे जिच्या हातात, तिला नगराध्यक्षाची काय पत्रास?

"दोमनाबाई, आज अर्धा तास जास्त ठेवा ना, सासूचे गुडघे धरलेत."

"बघू," बाई म्हणायच्या. ते 'बघू' ऐकायला मिळावं म्हणून मी जिन्यात उगाच रेंगाळायचो. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थालाही इतका भाव खाता येत नाही.

दुपारची कॉफी बाईंकडे असायची. कॉफी संपली की सगळ्यांनी कप बशीत उपडे घालायचे आणि बाईंनी चष्मा पुसून त्यातल्या गाळात भविष्य बघायचं. नवरा सोळा वर्षांपूर्वी गेला, मुलगी जर्मनीत. ही दुपारची मैफल म्हणजेच बाईंचा संसार. बाई कुणाला नवरा देत, कुणाला नोकरी, कुणाला 'प्रवास दिसतोय' म्हणून आशा. मला मात्र दर वेळी एकच सांगायच्या, "लाझारे, तुझ्या कपात जीभ दिसते रे मेल्या. लांब."

मग बॉयलरमध्ये जळणारं तेल महागलं.

दर वर्षी पानगळ सुरू झाली की आम्ही सगळे बिऱ्हाडकरू खाली दारापाशी जमतो आणि टाकीत किती तेल भरायचं ते ठरवतो. त्या वर्षी डाव्या बाजूचा पासखालिस, जो टॅक्सी चालवतो, तो आल्या आल्या कडाडला, "टॅक्सीत ओततो त्याच भावाने आता घरातही ओतायचं? मग मी टॅक्सीतच झोपतो, निदान रेडिओ तरी आहे!" आम्ही हसलो, पण हसू कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. बेकरीवाल्याने पाव महाग केला होता, सालोनिकाला जाणारी बस महागली होती आणि संध्याकाळच्या बातम्या लागल्या की बायका छातीवर क्रूस काढत. पासखालिस दर फेरीला नवी अफवा आणायचा: उद्यापासून पंप बंद, परवापासून कूपनं. दुसऱ्या दिवशी लोक रिकामे डबे घेऊन रांगेत. मीही होतो. माझ्याकडे गाडी नाही.

मत घेतलं. यंदा तेल भरायचं नाही, ज्याने त्याने आपली ऊब बघावी. सगळ्यांचे हात वर, फक्त दोमनाबाईंचा हात खाली. तो हात कमरेच्या किल्लीवर होता.

आठवडाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या फानीच्या नवऱ्याने, मेनेलासने, आईच्या गावाहून लाकडावरची बिडाची शेगडी आणली. बाल्कनीच्या काचेला भोक पाडून धुराडं बाहेर काढलं. दुसऱ्या मजल्यावर दोमनाबाई, बरोबर त्यांच्या डोक्यावर फानी. फानीने शेगडीवर चेस्टनट भाजायला टाकले आणि वास जिन्यातून खाली आला. वास कसला, आमंत्रणच ते.

"गावंढळ बाई!" दोमनाबाई मला म्हणाल्या. अंगात दोन स्वेटर आणि पायाशी विजेचा एक केविलवाणा हीटर, त्यात एकच तार लाल. "इमारतीत कुणी चूल घालतं का रे? माझे पडदे काळे झाले."

"तुमचे पडदे पहिल्यापासून काळेच आहेत, बाई."

"तूही जातोस ना वर?"

"मी फक्त धूर किती होतो ते बघायला जातो."

माझा रोजचा क्रमच ठरला. वर फानीकडे तास-दीड तास ऊब खायची आणि उतरताना दोमनाबाईंचं दार वाजवून कोण कोण आलं होतं ते सांगायचं. यातलं कुठलं सुख जास्त, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई ऐकून घेत आणि विचारत, "कप उपडे घालतात का तिथे?"

"घालतात. पण वाचणारं कुणी नाही. फानीला नुसती काजळी दिसते."

तेवढ्यावर बाई रात्र काढत. पण दुपारी जिन्यात सपातांचा आवाज आला की दाराच्या काचेला डोळा लावत. पावलं त्यांच्या उंबऱ्यापाशी आली की मंद होत, मग वर जात. बाईंच्या डोळ्यांत तेव्हा जे पेटायचं, ते खोलीत पेटवता आलं असतं तर टाकीत तेल भरायची गरजच नव्हती. वीस वर्षांपासूनची मैत्रीण आफ्रोदितीसुद्धा एक दिवस चोरपावलांनी वर गेली. बाईंनी काचेतून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मला दार उघडलं नाही.

त्यात आला नावांचा हंगाम. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या नावाच्या संताचा सण, तो त्याच्या नावाचा दिवस, आणि त्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही. दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचं तो येतो. म्हणूनच तो दिवस मोठा वाईट. कोण आलं नाही, ते सगळ्यांना दिसतं. सहा जानेवारीला, पाद्री नदीत क्रूस टाकतो त्या दिवशी, फानीचा. आणि आठ जानेवारीला दोमनाबाईंचा.

फानीकडे इमारत लोटली. दोमनाबाईही आल्या, न येऊन कुणाच्या तोंडाला विषय द्यायचा? दुकानातला सगळ्यात लहान मिठाईचा डबा घेऊन आल्या आणि शेगडीजवळची खुर्ची सोडून थेट भिंतीकडच्या रेडिएटरला, बॉयलरच्या पाण्याने तापणाऱ्या पण आता गार पडलेल्या त्या लोखंडाला, पाठ लावून बसल्या.

"इकडे या ना, दोमनाबाई, उबेला," फानी साखरेच्या सुरात म्हणाली.

"नको गं पोरी. मला उकडतं."

मी बघत होतो. बाईंचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि उजवा खांदा हळूहळू हलत होता. मला वाटलं, रेडिएटरवरची धूळ बोटाने तपासतायत. उद्या सांगतील, फानीकडे इतकी इतकी धूळ.

आठ तारखेच्या सकाळी मी मोजे वाळत घातले होते, माझ्या मेलेल्या रेडिएटरवर, सवयीने. दहाच्या सुमारास मोज्यांतून वाफ निघायला लागली.

मी पहिल्या मजल्यावर. आमच्या जुन्या इमारतीत गरम पाण्याच्या नळ्या उभ्या जातात: उजवीकडची नळी माझ्याकडून दोमनाबाईंकडे, तिथून फानीकडे. डावीकडची पासखालिसच्या बाजूला. डावी नळी तळघरात बंद करता येते. पण उजवी उघडली की तिघेही तापणार, नाहीतर तिघेही गारठणार; एकालाच वगळायचं तर त्याच्या घरातल्या रेडिएटरचा नळ पिळायला हवा. टाकीच्या तळाशी गेल्या वर्षीचं थोडं तेल उरलं होतं, हे किल्लीवालीखेरीज कुणाला ठाऊक असणार?

मी मोजे चढवले, गरमागरम, आणि वर धावलो. दार सताड उघडं. बाई निळ्या रेशमी पोशाखात, कानांत मोती, टेबलावर सफरचंदाचा मुरांबा.

"खूप वर्षं जगा, दोमनाबाई! काय ऊब आहे हो!"

"हीटर दुरुस्त केला," बाई म्हणाल्या. आणि माझ्याकडे असं बघितलं की माझी लांब जीभ टाळ्याला चिकटली.

आणि लोक आले! वर जाणारी पावलं त्या उंबऱ्यावर मंद झाली, दारातून येणारा गरम वारा गालाला लागला आणि पावलं आत वळली. आफ्रोदिती आली, डोळे खाली घालून. बाईंनी तिला सगळ्यात चांगली खुर्ची दिली, याहून मोठी शिक्षा नाही. कोट निघाले. कप उपडे पडले. पूर्वी कुणी लग्नाचं विचारायचं, कुणी परीक्षेचं. त्या दिवशी प्रत्येकाचा एकच प्रश्न: "बघा ना बाई, तेल उतरेल का?" बाई चष्मा पुसत आणि म्हणत, "बघू." किती महिन्यांनी तो शब्द ऐकला आम्ही!

तेवढ्यात पासखालिस हसता हसता मागे रेलला आणि किंचाळला. "आई गं! बाई, हे तापलंय! लोखंड तापलंय!"

"आणि माझ्याकडे खिडकीला आतून बर्फ!" तो उठलाच. "ते तेल सगळ्यांचं होतं, बाई!"

बाई काही बोलणार, तोच दारात फानी, मागे मेनेलास. "अहो दोमनाबाई, चमत्कार! तुमच्या संतीणबाईंची कृपा! आमच्या सोफ्यामागचा रेडिएटर आपोआप तापलाय!"

"तुझा?" बाईंच्या तोंडून सुटलं. "तुझा कसा तापेल? तो तर मी परवा बंद..."

पुढचं वाक्य त्यांनी मुरांब्याच्या चमच्याबरोबर गिळलं. पण मेनेलास गडगडाटी हसला. "बंद तर मी पानगळीतच केला होता, सगळेच्या सगळे! तुम्ही पाठीमागे हात घालून तो उघडलात, बाई!"

मग जे हसू फुटलं, त्यात पासखालिससुद्धा सापडला. पासष्ट वर्षांची बाई, चोरून तेल जाळते, आणि ते जाळून ऊब देते कुणाला, तर फानीला! बाई कानाच्या मोत्यांपर्यंत लाल. त्याच वेळी खालून बॉयलर दोनदा खोकला आणि गप्प झाला. तेल संपलं.

लोखंड टिकटिक करत गार होऊ लागलं. एकाने कोट ओढला, मग दुसऱ्याने. फानी हीच संधी बघत होती. "चला गं सगळ्या वर. शेगडी पेटलेली आहे. दोमनाबाईंना आराम करू दे."

लोक उठले. आफ्रोदितीही उठली. मी बाईंकडे बघितलं, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला थट्टा सुचली नाही. मांडीवर हात, हातात ती किल्ली, समोर उपड्या कपांचा ट्रे.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कप कुठे वाचून झालेत?"

त्यांनी किल्ली पासखालिसच्या हातात ठेवली. "घे. टाकी कोरडी आहे, तपासून बघ." मग ट्रे उचलला, उपडे कप न हलवता, आणि सगळ्यांच्या पुढे जिना चढू लागल्या. वर फानीच्या घरात गेल्या, शेगडीजवळच्या फानीच्या खुर्चीत बसल्या, ट्रे मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "बसा, बसा, लाजू नका, माझा दिवस आहे. फानी, पोरी, एक लाकूड टाक गं, आणि पाहुण्यांना काही दे."

फानीने लाकूड टाकलं. काय करते बिचारी? घर तिचं, शेगडी तिची, लाकूड तिच्या सासूच्या गावचं, आणि 'खूप वर्षं जगा' म्हणत लोक गालांचे मुके घेतायत दोमनाबाईंचे.

तेल अजून उतरलेलं नाही. दुपारची कॉफी तिसऱ्या मजल्यावर असते, आणि शेगडीजवळची खुर्ची दोमनाबाईंची. उतरताना मी आता फानीजवळ दोन मिनिटं स्वयंपाकघरात थांबतो. ती कप विसळता विसळता दात ओठ खात विचारते, "काय रे लाझारे, हिची ती किल्ली हिला परत देता नाही का येणार?"

"बघू," मी म्हणतो.