म्युनिकचं काम, पण बेंगळुरूतूनच

मंडळी, आज दुपारी कळलं की आम्ही म्युनिकला जात नाही.

कंपनी मला दोन वर्षांसाठी तिकडे पाठवणार होती. त्यासाठी समीरने, माझ्या नवऱ्याने, गेल्या आठवड्यात कॉलेजातली बारा वर्षांची नोकरी सोडली. आज व्हाइटफील्डच्या ऑफिसात एचआरच्या बाईंनी हसत सांगितलं, "आता आपण कुणालाच फॅमिलीसकट पाठवत नाही. काम तिथलंच, पण इथे बसून करायचं. व्हर्च्युअल असाइनमेंट! तुम्हालाही सोयीचंच ना?"

बाहेर आले आणि मिलिंदला गाठलं. तो माझा मॅनेजर, आणि या शहरातला आमचा सगळ्यात जवळचा मित्र.

"तुला कधी कळलं?"

"महिना झाला असेल."

समीरने राजीनामा दिला त्या संध्याकाळी हा आमच्याकडे जेवायला होता. मिठी मारून त्याचं अभिनंदन केलं होतं यानेच.

"मग बोलला का नाहीस?"

"वरून सांगितलं होतं, गप्प राहा. आणि तू चिडून प्रोजेक्ट अर्धवट सोडला असतास तर?"

घरी येऊन समीरला सांगितलं. त्याने "मिलिंदला माहीत होतं?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर उठून बाल्कनीत गेला. अजून तिथेच आहे.

कंपन्या धोरणं बदलतात, हे मला समजतं. मित्राचं गप्प बसणं मात्र समजत नाहीये. उद्या सकाळी त्याच्याच टीममध्ये, त्याच्या समोर बसायचं आहे. तुम्ही काय बोलला असतात?