पाटावरचा दीड तास

माझी कंबर सहा वर्षं दुखत होती, आणि त्यातली पाच वर्षं ती का दुखते हे मला पक्कं ठाऊक होतं. अंबडच्या एका कारखान्यात मी लेथ मशीनवर तीस वर्षं उभा आहे. कमरेचा एमआरआय काढला तेव्हा मणक्यातली गादी सरकल्याचं निघालं. तो रिपोर्ट मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवला होता आणि घरी येईल त्याला दाखवत असे. एका डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, वाकू नका, जड उचलू नका, खाली बसू नका. बायकोचंही मी जेवढं ऐकलं नसेल, तेवढं त्यांचं ऐकलं. मग सहाव्या वर्षी कंपनीच्या विम्यातून हेल्थ कोच नावाचं प्रकरण घरात आलं आणि जे समजत होतं तेही समजेनासं झालं.

कोच म्हणजे फोनवर दिसणारी एक मुलगी. दर गुरुवारी संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. फिजिओथेरपी शिकलेली, माझ्या मुलीपेक्षा फार तर दोनतीन वर्षांनी मोठी. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका. सुरुवातीलाच विचारायची, "काका, आज दुखणं दहापैकी किती?" मी सात म्हणायचो. सहा म्हटलं तर ती फोन बंद करेल आणि आठ म्हटलं तर तिला वाईट वाटेल, असा माझा हिशेब होता.

मला वाटलं होतं, ती व्यायामाचा तक्ता पाठवेल आणि आपण तो भिंतीला चिकटवू. मी ड्रॉइंग बघून काम करणारा माणूस. ड्रॉइंगवर माप असतं, कमीजास्त किती चालेल तेही लिहिलेलं असतं. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, कमरेमुळे राहून गेलेलं असं काय आहे, जे तुम्हाला परत करायचंय?"

"ते तुम्ही सांगायचं ना, मॅडम."

ती हसली. मला रागच आला. आजार माझा, शिक्षण हिचं, आणि प्रश्न मलाच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, आवाज मोठा करा ना. मला इथे ऐकू येत नाहीये." मी मॅडमना थापा मारतो का, यावर तिचा पहारा असणार, असं मी धरून चाललो. त्या दिवसापासून दर गुरुवारी फोन स्पीकरवर असे आणि ती आत कुकर लावता लावता ऐकत असे.

मुलीचं लग्न चार महिन्यांवर आलं होतं. आमच्याकडे कन्यादानाला आईवडील जोडीने पाटावर बसतात. वडील मुलीचा हात जावयाच्या हातात देतात आणि आई वरून पाण्याची धार सोडते. सगळं मिळून दीड तास तरी जातो. साखरपुड्यात मी दहा मिनिटांत उठून भिंतीला टेकलो होतो, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. माझा धाकटा भाऊ गिरणारे गावाकडे शेतात टोमॅटो आणि झेंडू करतो. तो त्याच दिवशी म्हणाला, "दादा, तू कशाला लोड घेतो? आम्ही बसू ना दोघं पाटावर. तुला किती तरास होतो, दिसत नाय का आम्हाला?"

आईवडिलांपैकी एकाला जमत नसलं की चुलता-चुलतीने बसायचं, ही आमच्यातली पद्धतच आहे. मी ताबडतोब हो म्हणालो. वर मोठ्या मनाने त्याच्या पाठीवर हातही ठेवला. बायको तिथेच पाहुण्यांना चहा देत होती. ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं असं मी समजलो.

हे सगळं मी मॅडमना सुटलेला प्रश्न म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि काकू कुठे बसणार?"

"काकू काय? काकू असतीलच की तिथे."

"म्हणजे पाण्याची धार त्या सोडणार नाहीत?"

आत भांडी वाजायची थांबली. आईशप्पथ सांगतो, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. पाट जोडीचा असतो. मी उठलो की तिलाही उठावं लागतं. पोटच्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात ती पाहुण्यांमध्ये उभी राहणार होती, आणि मी ते भावाला परस्पर देऊन वर कौतुक करून घेतलं होतं.

कॉल संपल्यावर मी आत गेलो. "तुला बसायचं होतं का?"

"तुम्हाला बसवत नाही म्हटल्यावर मला काय विचारायचं?" ती मेथी निवडत होती. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी मी मॅडमना सांगितलं, मला पाटावर दीड तास बसायचंय. आम्ही चार मिनिटांपासून सुरुवात केली आणि माझ्या गोंधळाला खरी धार चढली. कारण नियम असा होता की थोडं दुखलं तरी ठरलेली मिनिटं पुरी करायची, आणि अजिबात नाही दुखलं तरी ठरलेल्या मिनिटाला उठायचं. मी म्हणालो, "मॅडम, दुखल्यावर थांबायचं नाही आणि न दुखता थांबायचं, हे कुठलं शास्त्र?"

"काका, दर वेळी दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय, असं नसतं."

"म्हणजे माझं दुखणं खोटं?"

"दुखणं शंभर टक्के खरं. पण तुमची पाठ तुम्ही समजता तेवढी नाजूक नाही. असे रिपोर्ट न दुखणाऱ्या माणसांचेही येतात."

त्या दिवशी मी जेवलो नाही नीट. खरंही आहे आणि मोडलेलंही नाही, हे माझ्या डोक्यात एका वेळी मावेना. मशीनमधून आवाज येतो तेव्हा काहीतरी झिजलेलं असतंच, हे मी तीस वर्षं पाहिलंय. आणि समजा मॅडमचं खरं असेल, तर सहा वर्षं मी गॅसच्या सिलिंडरला हात का लावला नाही? फोल्डर काढून रिपोर्ट पुन्हा वाचला. तोच रिपोर्ट, पण आता तो कोणाला दाखवावासा वाटेना.

मॅडमनी मला वही ठेवायला लावली होती. आज कमरेमुळे काय केलं नाही, आणि ते मग कोणी केलं. मी कंपनीतल्या लॉगबुकसारखे रकाने आखले. पाण्याचा ड्रम सरकवणे, बायको. सिलिंडर लावणे, बायको. गाद्या उन्हात टाकणे, बायको. किराण्याची पिशवी तिसऱ्या मजल्यावर आणणे, बायको. पुढे पुढे मी तो शब्द लिहायचा कंटाळा करून खाली नुसत्या दोन रेघा मारत गेलो. पानंच्या पानं रेघा. त्यातून मला एवढंच दिसलं की वही लवकर भरते.

एकोणीस मिनिटांवर आलो होतो तेव्हा मी घोटाळा केला. रविवार होता, कंबर शांत होती, मुलगी म्हणाली, "पप्पा, काय मस्त बसलात!" झालं. मी चाळीस मिनिटं बसलो. मधे बायको दोनदा येऊन म्हणाली, "उठा आता, एकोणीस झाली." मी कसला उठतोय. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस आडवा होतो. चौथ्या दिवशी मी भावाला फोन लावायला घेतला, की बाबा तूच बस.

बायकोने फोन हातातून काढून घेतला. "भावजींना फोन करायचा नाही." अठ्ठावीस वर्षांत तिने माझ्या हातातून काही हिसकावलं नव्हतं. त्या गुरुवारी ती प्रथमच बाहेर येऊन फोनसमोर उभी राहिली. "मॅडम, आता परत कितीपासून धरायचं?"

"दहापासून, काकू. आणि रोज एकच मिनिट वाढवायचं."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहा आकडा लिहिला. माझं मन भरून आलं. बाईला माझी केवढी काळजी, असं वाटलं. मी म्हणालो, "तूही बस ना शेजारी, सरावाला." ती म्हणाली, "मला कामं आहेत." पाट मी रोज भिंतीला टेकवून कामावर जायचो आणि परत आलो की तो खोलीच्या मधोमध असायचा. पूजेला घेतला असेल, असं मी मनाशी म्हणायचो. आमचा देव फडताळात आहे, आणि ती पूजा उभ्याने करते, हे मला तेव्हा आठवलं नाही.

कमरेचा पट्टा मी याच काळात सोडला. आधी तो मी शर्टावरून लावायचो, लोकांना दिसावा म्हणून. मॅडमनी हळूहळू तास कमी करायला लावले आणि शेवटी तो कपाटाच्या दाराआड खिळ्याला गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी म्हटलं, जवळ असलेला बरा. खिळा रिकामा होता. "पट्टा कुठे ठेवलास?"

"नाही लागणार तुम्हाला. चला, गुरुजी आलेत."

बसलो. कोणीतरी खुर्ची सुचवली होती, पण पोर आणि जावई खाली, आणि मी प्रमुख पाहुण्यासारखा वर, हे मला नको होतं. तरी भाऊ घडीची खुर्ची धरून मागे उभाच होता. विसाव्या मिनिटाला कंबर बोलू लागली. मी तिला बोलू दिलं. दुखत होतं आणि मी बसलो होतो, दोन्ही एकाच वेळी, आणि ते कसं हे आजही मला कोणाला सांगता येणार नाही. बायकोने पाण्याची धार सोडली. मुलीच्या ओंजळीवर ती धार जरासुद्धा तुटली नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गुरुजी म्हणाले, उठा. मी उठलो! मॅडमना आता फोटो पाठवावा असं मनात आलं. शेजारी पाहिलं तर बायको अजून खालीच. एक हात जमिनीला रेटलेला, चेहरा फोटोवाल्याकडे हसरा. मी वाकलो, तिच्या दंडाला धरलं, दुसरा हात कमरेमागे घातला. पैठणीखाली उभ्या कडक पट्ट्या हाताला लागल्या. त्यातली एक मला बोचायची, म्हणून मीच कंपनीत नेऊन वाकवून आणली होती. तो बाक माझ्या बोटांनी ओळखला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाहुणे बघताहेत."

भाऊ पुढे आला. "वहिनी, खुर्ची देऊ का?"

"यांना द्या," ती म्हणाली. आणि मी सवयीने बसलोही.

पुढच्या गुरुवारी शेवटचा कॉल होता. मॅडमनी आधी अभिनंदन केलं आणि मग नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, आज दहापैकी किती?" मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि फोन बायकोसमोर धरला. "हिला विचारा."

तिने पदराला हात पुसले. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं काय एवढं, असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "पाच. मागच्या गुरुवारी आठ होतं, लग्नाची धावपळ होती ना. त्याच्या आधी सहा. पाटावर माझी चाळीस मिनिटं झाली तेव्हाही सहाच होतं." एकही आकडा तिला आठवावा लागत नव्हता. मॅडम तिकडे लिहून घेत होत्या आणि ती एकेक गुरुवार मागे जात होती.

गॅसवर कुकर होता. एक शिट्टी झाली, मग दुसरी. वरणाला किती करायच्या असतात हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं तर ती बोलत होती.